ट्रान्सफॉर्मरची चौथी तार

अनुसया गेली त्या दुपारी मी सुरतेत उधन्याच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात एका पंपाच्या मोटरीला व्हार्निश देत होतो. दोन्ही हात चिकट होते, म्हणून शेजारी काम करणाऱ्या आनंदाने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे महेश होता, अनुसयाचा धाकटा भाऊ. दोघं भावंडं अमळनेरला मामाकडे बारशाला गेली होती. महेश म्हणाला, "दाजी, ताई राहिली नाही." जेवण झालं, ओट्यावर सुपारी कातरत बसली आणि बसल्या जागी कलंडली. डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी "बरं" म्हणालो. मग मोटरीला उरलेलं व्हार्निश देऊन टाकलं, कारण ते अर्धवट सोडलं की नीट धरत नाही. आनंदानेही सगळं ऐकलं होतं. काम संपल्यावर त्यानेच थिनरने माझे हात पुसले आणि मला उधना स्टेशनवर नेऊन गाडीत बसवलं.

हे दिवाळीनंतरचं. मी आता जे सांगणार आहे ते त्यापुढच्या अखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं आहे.

अनुसयाच्या मागे घरात मी राहिलो आणि एक मशीन राहिलं. आम्हाला मूलबाळ नाही. डिंडोलीत आमचं रो-हाउस आहे, आणि भिंतीला भिंत लागून पुष्पाबाईंचं. पुष्पाबाईंचे यजमान बमरोलीच्या मिलमध्ये होते, ते वारून बरीच वर्षं झाली. अनुसया आणि पुष्पाबाई दोघी ओटल्यावर बसून साड्यांना लेस आणि टिकल्या लावायचं काम करायच्या. हाताने करून करून दोघींचे डोळे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी ठरवलं की एम्ब्रॉयडरीचं मशीन घ्यायचं. बमरोलीत एक युनिट बंद पडत होतं. तिथलं एक परदेशी मशीन दोघींनी भागीत घेतलं. अनुसयाने आधी आमच्या पुढच्या दाराची रुंदी साडीच्या पदराने मोजली, तिथे गाठ मारली आणि तो पदर घेऊन बमरोलीला गेली. मशीन दारातून आत आलं, पण चौकटीचा रंग घेऊनच आलं.

मशीनबरोबर एक ट्रान्सफॉर्मर आला. पत्र्याचा राखाडी डबा, साधारण कोठीएवढा. आपल्याकडे थ्री फेज म्हणजे चारशेपंधरा व्होल्ट, आणि या मशीनला लागतात दोनशेवीस. तेवढं कमी करायचं काम त्या डब्याचं. आमच्या घराच्या आधीच्या मालकाने तळमजल्यावर लूम चालवले होते, त्यामुळे थ्री फेजचं मीटर घरात होतंच. नुसतं जोडायचं बाकी होतं. पण मध्ये बारसं आलं आणि ती गेली. मशीनवर तिने जुनी चादर टाकली होती, ती तशीच राहिली.

फाल्गुनात पुष्पाबाईंचा मुलगा चेतन पुण्याहून आला. तो तिकडे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. चांगला पोरगा आहे, आईची काळजी करतो. तो मला म्हणाला, "रघुकाका, अनुसयामावशी होती तोवर ठीक होतं. आता आई दिवसभर एकटी भिंतीशी बोलते. मी तिला घेऊन जातो."

पुष्पाबाई आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "भिंतीशी नाही बोलत. भिंतीपलीकडे रघुभाऊ असतात, त्यांना शिव्या देते. रेडिओ मोठा लावतात."

"आई, तिकडे नातू आहे."

"नातू शाळेत जातो, तुम्ही दोघं कामावर जाता. मी सातव्या मजल्यावर बसून काय करू, कबुतरं हाकू?"

"इथे तरी काय करतेस?"

पुष्पाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मशीनवरच्या चादरीकडे पाहिलं. शेवटी ठरलं ते असं: अखाजीला चेतन परत येईल. तोवर मशीन चाललं तर आई सुरतेत. नाही चाललं तर मशीन विकायचं आणि आई पुण्याला.

मला पुष्पाबाई जायला नको होत्या, हे सरळच सांगतो. त्या घराला कुलूप लागलं असतं तर दोन्ही बाजूंनी गप्प भिंती झाल्या असत्या. आणि मशीन विकलं गेलं असतं तर अनुसयाने दार मोजलं ते कशासाठी, हा प्रश्न मला कायम पडला असता.

महेश वायरमन आहे, सुरतेतच मिलमध्ये काम करतो. एका रविवारी तो आला. आम्ही चादर काढली आणि जोडणी केली. मीटरकडून ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मरमधून तीन तारा मशीनला. मशीनच्या मागे पंखा होता तो फिरू लागला. पुष्पाबाईंनी टाळी वाजवली. पण पुढचा पडदा, म्हणजे स्क्रीन, काळाच राहिला.

महेशने मशीनच्या मागची पट्टी उघडली. तिथे तीन नव्हे, चार स्क्रू होते. तीन फेजचे आणि चौथा न्यूट्रलचा. पंख्याला आणि मोटरींना फेज ते फेज दोनशेवीस पुरत होते. पण पडदा आणि आतलं कार्ड तिन्ही फेज न्यूट्रलशी धरून चालत होतं, म्हणजे एकशेसत्तावीसवर. आणि ट्रान्सफॉर्मरमधून तर तीनच तारा बाहेर आल्या होत्या.

"त्यात काय," महेश म्हणाला, "न्यूट्रल मीटरवर आहे ना. तिथून ओढतो."

त्याने ओढला. पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक दिवा मिणमिणला, देवघरातली वात तेल संपताना मिणमिणते तसा, आणि विझला. व्होल्ट मोजायचा हातातला मीटर लावला तर आकडा स्थिर राहीना. आत्ता नव्वद, आत्ता चाळीस.

महेश विचार करून म्हणाला, "दाजी, अर्थिंग कोरडं आहे. उन्हाळा चालू आहे. मिलमध्ये चैत्र लागला की आम्ही रोज खड्ड्यात पाणी टाकतो. टाकलं नाही की लूम असाच नखरा करतो."

आता हे खोटं नाही. उधना असो की बमरोली, कुठल्याही शेडमध्ये जा, दिवा मिणमिणू लागला की पहिला माणूस पाण्याची बादली घेऊन अर्थिंगच्या खड्ड्याकडे पळतो. मीही वीस ठिकाणी हेच केलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी काम झालेलं आहे. त्यामुळे मलाही ते पटलं.

आमच्या अर्थिंगचा खड्डा पुढच्या अंगणात, ओटल्याच्या पायरीजवळ. मेन बंद करून आम्ही झाकण काढलं. महेशने कोळसा टाकला. पुष्पाबाईंनी खडेमिठाची पिशवी आणून दिली आणि महेशने ती सगळी ओतली तेव्हा कुरकुरल्या, "लोणच्याचं होतं ते." मग पाणी. त्या रविवारी पाणी, सोमवारी पाणी, रोज कामावर जायच्या आधी पाणी. मी तांब्याने हळूहळू घालायचो, कारण बादलीने घातलं की वरूनच वाहून जातं.

समोरच्या घरातल्या शांताबाई हे ओटल्यावरून पाहत होत्या. त्यांचं वय गल्लीत कुणालाच नक्की माहीत नाही. आमच्या खानदेशात अखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, त्याला पाणी देतात. अखाजी जवळ आलेली, मी विधुर, आणि रोज सकाळी खाली मान घालून तांब्याने जमिनीत पाणी घालतोय. शांताबाईंनी जे समजायचं ते समजून घेतलं.

गुरुवारी सकाळी त्या काठी टेकत आल्या. हातात पितळी लोटा. खड्ड्याच्या काठावर हळदकुंकू वाहिलं आणि पाणी घालत म्हणाल्या, "अनुसया, पानी पी ले व माय. उन्हाया शे, तहान लागस."

मी उभाच राहिलो. महेश आलेला होता, तो "आजी, अहो" म्हणून पुढे झाला. मी त्याचा दंड धरला.

शांताबाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं. "मीठ कोणी टाकलं रे हे? पितरांना मीठ चालत नाही."

महेश मागे हटला नाही. "आजी, ताईला खारं आवडायचं."

शांताबाईंनी मान हलवली. "हां. कैरीबरोबर मीठ फार खायची."

दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर एक कैरी होती, चार फोडी केलेली. शनिवारपासून गल्लीतल्या बायका यायला लागल्या. सरलाबाई कळशी घेऊन आल्या. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याची बायको गुजराती, तिला हे काही माहीत नव्हतं, पण रांग बघून तीही हंडा घेऊन आली आणि "अनुबेन बौ सारी हती", फार चांगली होती, म्हणत तिनेही ओतला. अंगणात चिखल झाला. माझी चप्पल त्यात रुतून बसली. पुष्पाबाई दारात उभ्या राहून हसू दाबत होत्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या.

मी कुणालाच खरं सांगितलं नाही. त्या सगळ्या एकेक आठवण सांगून जायच्या. अनुसयाने कुणाच्या लेकीच्या घागऱ्याला रातोरात लेस लावून दिली होती, कुणाचं दूध उतू जाताना भिंतीवरून ओरडून सांगितलं होतं. मी दिवाळीनंतर घरात कुणाला फारसं येऊ दिलं नव्हतं. आता सगळी गल्ली अंगणात येत होती आणि मला ते बरं वाटत होतं.

पण पडदा काळाच होता.

महेशने न्यूट्रलची तार मीटरवरून काढून सरळ अर्थिंगला जोडून पाहिली. पंखा फिरला, दिवा मिणमिणला, विझला. गुडघाभर ओल असलेला खड्डा, त्याहून चांगलं अर्थिंग सगळ्या डिंडोलीत नसेल. तरी आकडा नाचतच होता.

अखाजीच्या आदल्या दिवशी चेतन आला. आल्याआल्या चिखलात घसरला, ओटल्याला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "इथे काय भात लावलाय का?" पुष्पाबाईंनी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग त्याने मशीनकडे पाहिलं. "म्हणजे नाही चाललं," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो.

"अजून उद्याचा दिवस आहे," पुष्पाबाई म्हणाल्या.

"आई, आता आणखी किती पाणी घालणार?"

"पाणी पुरे झालं. नदी वळवून आणली तरी त्या डब्याला काय?" त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर थाप मारली. "तोंड बंद करून बसलाय. तुम्ही सगळे शहाणे बाहेरच शोधताय. मीटरवर शोधलं, जमिनीत शोधलं. याच्या आत कुणी पाहिलंय का?"

महेश म्हणाला, "वहिनी, आत काय, नुसत्या कॉइली."

मी मात्र खाली बसलो. मोटरी भरण्यात माझं आयुष्य गेलं. स्टार जोडणीच्या मोटरीत तीन कॉइलींची तीन टोकं बाहेर येतात आणि उरलेली तीन टोकं आतच एकत्र पिळून, वर स्लीव्ह चढवून, दाबून टाकतात. तो मधला सांधा म्हणजेच न्यूट्रल. मोटरीला तो लागत नाही म्हणून बाहेर कुणी काढत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर जाणाऱ्या कॉइली तशाच असतील तर आमचा न्यूट्रल त्या डब्यातच होता. आणि मीटरचा न्यूट्रल किंवा जमीन त्याच्या काही कामाची नव्हती. आत येणारी कॉइल वेगळी, बाहेर जाणारी वेगळी, दोघींमध्ये तारेचा संबंधच नाही. शेजारच्या घरातली बाई हाक मारते म्हणून आपल्या घरातला नवरा थोडाच ओ देणार. मी हे मोठ्याने बोललो.

"द्यायचे," पुष्पाबाई म्हणाल्या. "चहाची हाक असली की तुम्ही द्यायचे."

महेश गंभीर झाला होता. "पण दाजी, आत डेल्टा असला तर?"

तीच भीती होती. डेल्टामध्ये टोकाला टोक जोडून गोल केलेला असतो, मधला सांधाच नसतो. तसं असेल तर सगळी वाइंडिंग काढून नव्याने भरावी लागली असती. ते उद्यापर्यंत होणारं काम नव्हतं.

आम्ही मेन बंद केलं, तारा सोडवल्या आणि डब्याचं झाकण उघडलं. स्क्रू गंजलेले होते. तीन उभ्या कॉइली दिसल्या, पिवळ्या टेपने गुंडाळलेल्या, वर व्हार्निशचा जाड थर. चेतनने मोबाइलचा उजेड धरला. मी आणि महेश एकेका टोकाचा बोटाने माग काढत गेलो. बाहेर जाणारी तीन मिळाली. उरलेली तीन कुठे जातात ते दिसेना. टेपमध्ये शिरत होती आणि नाहीशी होत होती. महेश म्हणाला, "डेल्टाच आहे." मी पाठ टेकून बसलो. गुडघे दुखत होते. पुष्पाबाई भिंतीपलीकडे आपल्या घरात जाऊन कपाट उघडून काही काढायला लागल्या. बॅग भरत असाव्यात असं मला वाटलं, आणि चेतनलाही वाटलं असणार, कारण तो बराच वेळ त्या आवाजाकडे कान देऊन उभा होता.

मग त्याने मोबाइल खाली नेला, डब्याच्या तळाशी, जिथे आम्ही पाहिलंच नव्हतं.

"रघुकाका," तो म्हणाला, "हे काय आहे?"

मधल्या कॉइलीच्या खाली, चौकटीला चिकटून, अंगठ्याएवढी एक गाठ होती. टेपखाली फुगवटा दिसत होता. मी ब्लेडने टेप कापली. आत पांढरी स्लीव्ह, आणि स्लीव्हमध्ये तीन शेपट्या, एकमेकींत पिळून कथलाचा डाग दिलेल्या. मी चेतनकडे पाहिलं. तो न बोलता उजेड वर उचलू शकला असता. कुणालाही कळलं नसतं.

"सापडलं का काही?" पुष्पाबाई पलीकडून परत आल्या. त्यांच्या हातात बॅग नव्हती, सांजोऱ्यांचा डबा होता.

"सापडलं," महेश म्हणाला. "तुमच्या पोराने शोधलं."

पुष्पाबाईंनी चेतनच्या तोंडात सांजोरी कोंबली. "लहानपणी दळणातला खडा हाच काढायचा. घे. आता जा एकटा पुण्याला."

चेतन भरल्या तोंडाने म्हणाला, "डोळे आईवर गेले, त्याला मी काय करू?"

त्या गाठीला मी नवी तार डाग देऊन जोडली, स्लीव्ह घातली, टेप गुंडाळली, व्हार्निश दिलं आणि रातभर वाळू दिलं. ही चौथी तार उघड्या डब्याच्या वरून बाहेर काढली.

सकाळी आधी अखाजीची घागर. मी ती देवघरासमोर मांडली, पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, आंबा ठेवला. अनुसयाच्या नावाने पहिली घागर. महेशने नमस्कार केला आणि माझ्या मागे उभा राहिला. मग पुष्पाबाईंनी पुरणपोळीचं पान ठेवलं.

त्यानंतर महेशने मेन टाकलं. हातातला मीटर लावला. फेज ते फेज दोनशेवीसच्या जवळ. फेज ते चौथी तार एकशेसत्तावीस, तिन्ही फेजना तेवढाच, आणि आकडा हलला नाही. मेन पुन्हा बंद करून ती तार आम्ही मशीनच्या न्यूट्रलला लावली, आणि तिथूनच एक जोड अर्थिंगला दिला. मधला बिंदू जमिनीशी बांधला नाही तर तो मोकाट फिरतो. त्यामुळे गल्लीने ओतलेलं पाणी वाया गेलं नाही, नुसतं आधी झालं होतं.

पडदा उजळला. त्यावर कुठल्यातरी भाषेत काहीतरी लिहून आलं, कुणालाच वाचता आलं नाही. पुष्पाबाईंनी जुन्या ओढणीचा तुकडा लावला. मशीनने एक पान भरलं, मग दुसरं, मग पानांची वेल. आवाज इतका झाला की समोरून शांताबाई आल्या.

त्यांनी वेल पाहिली, हात लावून पाहिला, आणि मग कपाळाला आठ्या घातल्या. "घरात वर्ष झालं नाही अजून. नवीन काम कसं सुरू केलं?"

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. वर्षाच्या आत दुखवट्याच्या घरात शुभारंभ करत नाहीत.

पुष्पाबाई म्हणाल्या, "सुरू कुठे केलंय, आजी? नारळ फोडला का? पूजा केली का? हे नुसतं टेस्टिंग आहे."

"ते काय असतं?"

"चालतं का ते बघायचं."

शांताबाईंनी विचार केला. "मग ठीक," त्या म्हणाल्या. "बघा नीट. घाई करू नका." आणि ओढणीच्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याचं काय करणार? मला नातसुनेच्या झंपराला पाहिजे."

चेतन दुसऱ्या दिवशी गेला. आईच्या जागी सांजोऱ्यांचा डबा घेऊन गेला. स्टेशनवर मला म्हणाला, "काका, रेडिओ जरा हळू लावत जा." तेव्हापासून मशीन रोज चालतं. भिंतीपलीकडून शिव्या येत नाहीत, कारण पुष्पाबाई दिवसभर आमच्याच पुढच्या खोलीत असतात. तिथूनच देतात. रिंग रोडच्या व्यापाऱ्याकडे ब्लाउजपीसचे गठ्ठे जातात. तो विचारतो, तुमचं युनिट कधी सुरू झालं, तर पुष्पाबाई सांगतात, अजून टेस्टिंग चालू आहे.

नारळ कार्तिकात, वर्षश्राद्ध झाल्यावर फोडू. ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाला चौथ्या तारेसाठी भोक पाडून ते परत बसवायचं राहिलं आहे.